नाकेदारांचा झेंडू

श्रीजगदंबेला वंदन करून, नवरात्राच्या या पुण्यपर्वात, आमच्या शेजारी राहून गेलेल्या महादेवभाऊंचे स्मरण करतो. आपल्या अंगणातील झेंडूचे एक फूलही ते सहजी बाहेर जाऊ देत नसत.

चांदा जिल्ह्यातील जंगलनाक्यांवर लाकडाच्या गाड्या अडविण्यात त्यांचा जन्म गेला. स्वराज्यानंतर थोड्याच वर्षांनी निवृत्त होऊन ते ब्रह्मपुरीकडील आमच्या गावी आले, पण नाका काही सुटला नाही. फाटकाशी आडवा बांबू असे. फुले मागणाऱ्याची आधी झडती होई : कोण्या कामाले, किती, आणि नुसते पाहून भागत नाई का. उत्तर काहीही असो, निकाल एकच : "हुकूम नाई."

बी मात्र न मागता मूठ भरून देत. मी गावच्या देवीचा पुजारी; माझ्या हाती तुळशीखेरीज काही जगत नाही हे कळताच त्यांनी मला शिष्य करून घेतले. वाळलेले फूल चुरून बी पसरावे, वर चिमूटभर माती घालावी, पाणी साचू देऊ नये, एवढीच दीक्षा. "शिकाऊ माणसाले झेंडूच बरा, महाराज. गुलाब रुसते. झेंडू आपली चूक पोटात घालते." पुढे माझी रोपे वाकडी वाढली, तेव्हा तो दोष त्यांनी माझ्या मंत्रपठणावर घातला.

भाऊ गावी आले त्याच वर्षी अतिवृष्टीने गावातले सारे ताटवे कुजले. भाऊंचा वाफा उंचावर, म्हणून तेवढा वाचला. अष्टमीला देवीच्या माळेसाठी मी परडी घेऊन गेलो. देवीचे नाव ऐकून भाऊंनी हात जोडले आणि नेहमीचेच उत्तर दिले. मी म्हणालो, फुले मिळेपर्यंत बसून राहीन. ते म्हणाले, बसा. मी बसलो.

अंगणात बाजेवर त्यांच्या पत्नी यशोदाबाई पडून होत्या. वैद्यांनी आशा सोडली होती. पत्नीकडे पाहत भाऊ हळू आवाजात बोलले.

"हरेक नाक्यावर माह्या या बुडीनं झेंडू लावला, महाराज. कळ्या धरल्या का आमची बदली. फुललेला वाफा तिले कदी पाहाले भेटलाच नाई. अजून अर्ध्या कळ्या मिटून हायेत. पुरा फुलू द्या."

देवीला माळेवाचून ठेवणे मला जड वाटले. तरी मी परडी उचलली आणि उठलो. तोच बाजेवरून क्षीण स्वर आला.

"काऊन जी, देवीलेबी अडवून राह्यले का? तोडा."

"पुरा फुलला नाई अजून."

"नसू द्या. आपला झेंडू आजवर कोण्या देवाले गेला नाई. मले तो जाताना पाहाचा हाये."

 भाऊ वाफ्यात उतरले. तोडलेले प्रत्येक फूल ते आधी बाजेपाशी नेत, बाई त्यावरून बोटे फिरवीत, आणि मगच ते माझ्या परडीत येई. त्या दिवशी पूजेला फार उशीर झाला. मी घाई केली नाही.

वाचकहो, आपण जे पेराल ते आपल्या माणसांसह फुललेले पाहण्याचे भाग्य जगदंबा आपणास देवो, आणि आपले घरदार सुखी ठेवो.