गायरानावरचा वाल

“सोनपेठ तालुक्यातील सदर गायरानावर गवतात पेरलेले वालाचे प्रात्यक्षिक पीक ऐन शेंगांच्या अवस्थेत भटक्या जनावरांनी फस्त केल्यामुळे प्रयोग निष्फळ ठरला,” असे खात्याच्या अहवालात नमूद आहे. वाक्याची बांधणी निर्दोष आहे. त्यात उणीव आहे ती केवळ सत्याची, आणि अहवालात ती उणीव मानली जात नाही.

जनावरांनी वाल खाल्ला हे मान्य करायचे, तर ती जनावरे कमालीची सुसंस्कृत असली पाहिजेत. त्यांनी पाल्याला तोंड लावले नाही, गवत तुडवले नाही. कोवळ्या शेंगा तेवढ्या देठासकट खुडल्या आणि जाताना तारेचे फाटक ओढून त्याला सुतळीची गाठ मारली. शिवाय तो दिवस वेळा अमावास्येचा, म्हणजे येळवसेचा. त्या दिवशी सारे गाव गुराढोरांसकट आपापल्या शेतात जेवायला जाते. भटकायला मागे उरणार कोण?

या अहवालाने ज्याचा प्रयोग निष्फळ ठरवला, तो गावचा कृषी सहाय्यक अवधूत. त्याची पत्नी श्रद्धा सेलूला शाळेत शिकवत होती, लेक भक्ती तिथेच चालायला शिकली होती, आणि तिची पहिली पावले बापाने मोबाइलवर पाहिली होती. सेलूला बदली हवी, तर पाहणी अधिकारी उद्धवराव यांची शिफारस हवी. उद्धवरावांनी अट एकच घातली होती. “शेंगांनी लगडलेलं गायरान दाखवा, सेलू तुमचं.”

म्हणून अवधूतने त्या तव्यासारख्या कडक गायरानावर जीव ओतला. दिवाळी सरताच तिथले गवत पिवळे पडे आणि गुरे दगड चाटल्यासारखी फिरत. त्याने गवताच्या ओळींमध्ये वाल पेरला. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरून जमिनीला देतात, पाला गुरांना पोसतो, आणि शेंगा वेलावरच वाळून तडकल्या की पुढच्या साली वाल आपोआप उगवतो. अर्थात शेंग तोडायची नाही. परभणी जिल्ह्यातल्या बाईला हे सांगणे म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाकडे बघत बसा, असे सांगण्यासारखे आहे.

अवधूत ज्याच्या घरी भाड्याने राहत होता, त्या बन्सीधरचे शेत गायरानाला लागूनच होते. बन्सीधरची आई पार्वतीबाई हिच्या परसातला वाल यंदा माव्याच्या किडीने खाल्ला होता, आणि येळवस, म्हणजे चिंचेच्या आंबटात शेंगा-दाणे शिजवून भज्जी करायचा सण, तोंडावर आली होती.

“वालाबिगर भज्जी म्हंजे नुस्ती चिंचकढी,” ती म्हणाली. “तूर हाय, हरभरा हाय, पर वाल न्हाई. मूठभर तोडू दे की रं सायबा.”

“मावशी, एक शेंगसुद्धा नाही. ती गुरांसाठी आहे.”

“गुरानं खाल्ली तं चालतंय, माणसानं खाल्ली तं सरकार बुडतंय व्हय? मंग आमाला बी शेपूट लावून द्या.”

“आई, त्यांची बदली अडकलीया त्यात,” बन्सीधरने समजावले.

“असं व्हय?” पार्वतीबाई विरघळली. “मंग न्हाई तोडत. लेकराचं तोंड बघू दे बापाला.” आणि तिने शब्द पाळला असता, हे येथे तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

तेवढ्यात उद्धवरावांनी पाहणीची तारीख कळवली, ती नेमकी येळवसेची.

“साहेब, त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं,” अवधूत फोनवर अजिजीने म्हणाला.

“मला गाव बघायचंय की पीक? अमावास्येला वाल दिसत नाही का? आणि हो, प्रात्यक्षिकाच्या फलकावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव आहे ना? फोटोत पाहिलं, चष्मा लावूनही सापडलं नाही. ते जरा ठसठशीत करून घ्या.”

फलक उपटला गेला आणि सोनपेठच्या पेंटरकडे पोचला. रंग वाळेना. शेवटी असे ठरले की येळवसेच्या सकाळी अवधूतने फलक ताब्यात घेऊन एसटी स्टँडवर थांबावे आणि साहेबांनी त्याला तिथून जीपमध्ये घ्यावे. योजना उत्तम होती. परंतु साहेबांच्या चालकाने मोबाइलवरच्या नकाशावर विश्वास टाकला आणि जीप गंगाखेडच्या बाजूने परस्पर शिवारात शिरली. अवधूत नववधूसारखा झाकलेला फलक कवटाळून स्टँडवर बसून राहिला. साहेबांचा फोन लागेना.

अखेर भाड्याच्या ऑटोत फलक आडवा घालून तो गायरानावर पोचला, तेव्हा वेल हिरवेगार होते आणि कोवळी शेंग म्हणून एक नव्हती. तो तसाच धावत बन्सीधरच्या शेतात गेला.

“मावशी! काय केलंत हे?”

“हळू बोल,” पार्वतीबाईने ओठांवर बोट ठेवले. “पाव्हणे निजलेत.”

पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीत एक गृहस्थ तोंडावर रुमाल टाकून घोरत होते. पोटाचा घेर जीपच्या हुद्द्याला शोभेसा होता.

बन्सीधरने अवधूतला बाजूला ओढले. “जीप थांबली. येळवसंला दारावरनं जाणाऱ्याला उपाशी कसं धाडावं? आई म्हनली, जेवा, पर भज्जीत वाल न्हाई, माफ करा. तं ते म्हनले, समोर एवढा वाल वाया चाललाय की. आई म्हनली, आमच्या सायबानं तोडू नका म्हनून सांगितलंय. तं म्हनले, मी सायबाचा सायब हाय, तोडा. आन् सोताच फाटकातनं आत शिरले, सदऱ्याचा ओचा करून. लय झपाझप खुडले. फाटक मातर मीच बांधलं.”

कोपीत हालचाल झाली. उद्धवराव उठले आणि प्रसन्नपणे म्हणाले, “आलात? चला, कुठंय तुमचं प्रात्यक्षिक?”

अवधूतने ऑटोतून फलक उचलला, गायरानाच्या तोंडाशी नेऊन रोवला आणि वरचे फडके काढले. ठसठशीत अक्षरांत साहेबांचे नाव उन्हात झळकले. साहेबांनी ते वाचले, मग फलकामागचे वेल पाहिले, मग स्वतःच्या सदऱ्यावरचे हिरवे डाग पाहिले. गवतातल्या वालावर त्यांनी स्वतः पुस्तिका लिहिली होती. गवतातला वाल मात्र ते आज प्रथमच पाहत होते.

“हे? मग फलक कुठं होता?”

“सोनपेठला, साहेब. तुमचं नाव मोठं करायला.”

तेवढ्यात साहेबांना ढेकर आला. भज्जी उत्तम जमली असल्याचा तो निर्विवाद पुरावा होता.

“शेंगा कुणी तोडल्या, हे अहवालात यावं लागेल,” साहेब सावरून म्हणाले. “आजीबाई, नाव सांगा.”

“पाव्हण्यानं तोडल्या.”

“पाहुण्याचं नाव?”

“आमी पाव्हण्याला नाव इचारत न्हाई, ताट वाढतोत. जेवून गेलेल्याचा बोभाटा करायची रीत न्हाई आमच्यात.”

“तर मग जनावरं,” उद्धवराव निश्चयाने म्हणाले. “भटकी जनावरं. आणि अवधूत, प्रयोग निष्फळ म्हटल्यावर सेलूचं काही...”

“हरकत नाही, साहेब,” अवधूत अत्यंत नम्रपणे म्हणाला. “फक्त जनावरांनी नुकसान केलं म्हटल्यावर कोंडवाड्याची चौकशी होईल. मावशींचा जबाब होईल. त्या आपण होऊन काही सांगत नाहीत. पण शपथेवर विचारलं, तर पाहुण्याच्या जीपचा रंगसुद्धा सांगतील.”

साहेबांनी दूरवर, बहुधा सेलूच्या दिशेने, पाहिले.

बदलीचा हुकूम संक्रांतीच्या आतच निघाला. निष्फळ प्रयोग करणाऱ्याची बदली इतक्या तातडीने आणि इतक्या सोयीच्या गावी झाल्याचे पाहून तालुक्यातल्या काही होतकरूंनी आपापले प्रयोग बुडवण्याचा विचार केला म्हणतात. पुढच्या पावसाळ्यात बन्सीधरने सेलूला फोन केला: खालच्या अंगाच्या निबर शेंगांना भज्जीत मान नसल्याने साहेबांनी त्या खुडल्या नव्हत्या, त्या तिथेच तडकल्या, आणि गायरानात वाल पुन्हा उगवला आहे. जमिनीला अहवाल वाचता येत नाही, हे तिचे भाग्य. खात्याच्या लेखी तो प्रयोग आजही निष्फळच आहे.

राहता राहिली ती भटकी जनावरे. त्या दुपारी जीपमध्ये बसताना, चालक दार लावण्याच्या बेतात असताना, उद्धवरावांनी अवधूतला जवळ बोलावले आणि आवाज उतरवून जे सांगितले, ते कोणत्याही अहवालात नाही. म्हणून ते येथे शब्दशः देणे भाग आहे:

“दोनदा तर मी मागूनच घेतली हो भज्जी. तिसऱ्यांदा आजीबाई वाढायला आल्या तेव्हा नको म्हणालो, अगदी स्पष्ट म्हणालो; पण ताट काही मागं घेतलं नाही.”