नवशिक्यांसाठी आवश्यक वस्तूंची यादी (आवृत्ती बारावी, सुधारित)

कोणताही खेळ खेळण्याआधी माणसाला त्या खेळाच्या लायकीचं व्हावं लागतं, आणि लायकी दुकानात मिळते.

आमच्या बर्नी गावात बंदर आहे, समुद्र आहे आणि 'दर्याराज' या पत्त्यांच्या खेळाचा नोंदणीकृत क्लब आहे. (महत्त्व पाहता क्रम उलटा लावून वाचावा.) हा खेळ दोघांचा. बंद पाकिटांतून मिळणाऱ्या हजारो पत्त्यांमधून आपले साठ निवडायचे, कॅट पिसायचा आणि मासे, वादळं, जहाजं एकमेकांवर सोडून दुसऱ्याचं बंदर बुडवायचं. क्लबचे एकूण सदस्य एक्केचाळीस. त्यांपैकी अडतीस जण खेळण्याच्या तयारीत आहेत. उरलेले तिघे खेळतात.

मी, ग्लिन पार्मेंटर, या क्लबचा मुख्य पंच आणि नवशिक्या मार्गदर्शन उपसमितीचा अध्यक्ष. उपसमितीत मी एकटाच असल्यामुळे ठराव नेहमी एकमताने होतात. नवशिक्याला स्पर्धेत उतरण्यासाठी लागणाऱ्या एकतीस वस्तूंची यादी मी सहा वर्षं खपून तयार केली. सगळी इथे देत नाही, वानगीदाखल थोडी देतो.

क्रमांक एक, साठ पत्ते. क्रमांक दोन, प्रत्येक पत्त्याला प्लॅस्टिकचं कव्हर, कारण पत्त्याला बोटं लागतात. क्रमांक तीन, त्या कव्हरला कव्हर. (पहिल्यालाही पैसे पडलेलेच असतात.) क्रमांक चारला डबी, पाचला डबीची पिशवी. नववी वस्तू मॅट, म्हणजे टेबल खराब होत नाही, आणि दहावी मॅटची नळी, म्हणजे मॅट खराब होत नाही. क्रमांक चौदा, वीस बाजूंचा फासा. पंधरा, फासा टाकायचा ट्रे, अन्यथा फासा पडतो. एकविसावर चकचकीत पत्ते: आपले सर्वांत जोरदार चार पत्ते साध्या छपाईत न घेता चमचमत्या घ्यावेत. खेळात काडीचा फरक पडत नाही, पण मनाला उभारी येते. सत्तावीस, ताज्या नियमबदलाबद्दल ठाम नापसंती. एकतीस, घामाच्या वासावरचा फवारा. हे कलम घातलं तेव्हा खिडकीपासून लांब बसणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

यादी परिपूर्ण आहे. अकरा आवृत्त्या निघाल्या, एकाही माणसाने चूक काढली नाही. तुम्हीही वर नजर टाका. काही राहिलंय का? नाही ना? तेच म्हणतो मी.

तर एप्रिलमध्ये क्लाइव्ह टॅस्कर आमच्या दारात उभा राहिला. वय चव्वेचाळीस, नोकरी बंदरात जहाजाचे दोर बांधण्याची. हातात रबरबँड लावलेला पत्त्यांचा कॅट. रबरबँड! मी खुर्ची धरली.

त्याचं दुखणं असं होतं. त्याचे वडील मार्चमध्ये गेले. मागे एक चौदा फुटी पत्र्याची नाव राहिली, 'मर्टल' नावाची, आणि एक चिठ्ठी: 'नाव कुणाची ते तुम्ही दोघं ठरवा. वकील आणलात तर बघा.' दोघं म्हणजे क्लाइव्ह आणि त्याची धाकटी बहीण रोवीना. लहानपणी याच नावेत बसून बापाने दोघांना मासे धरायला आणि 'दर्याराज' खेळायला शिकवलेलं. बहीणभावांनी ठरवलं की नोव्हेंबरातल्या उत्तर किनारा स्पर्धेत एक डाव खेळायचा. जिंकेल त्याची नाव.

"पण लहानपणापासून तीच जिंकते हो," क्लाइव्ह म्हणाला. "तेहेतीस वर्षांत एक डाव नाही दिला बयेनं. आणि मला ती नाव पाहिजे. डॅडबरोबर मी त्याच नावेत बोलायचो, घरी कधी बोलणं झालंच नाही आमचं."

"तयारी कमी पडली," मी म्हणालो आणि यादी पुढे केली.

त्याचा बापाकडून आलेला जुना कॅट मी ताब्यात घेऊन क्लबच्या काचेच्या कपाटात ठेवला, 'काय करू नये' या पाटीखाली. कोपरे कुत्र्याने चावलेले, मधल्या काही पत्त्यांवर बीटरूटचे डाग.

पुढचे सात महिने क्लाइव्हने जी साधना केली, तिला तोड नाही. कव्हरं घातली. त्यांना कव्हरं घातली. दुसऱ्या कव्हरांचा निळा पुरेसा निळा नव्हता म्हणून काढून पुन्हा घातली. चार चकचकीत पत्त्यांसाठी स्वतःचा सर्फबोर्ड विकला. या काळात तो एकूण शून्य डाव खेळला. मध्यंतरी एकदा त्याने विचारलं, "ग्लिन, जरा खेळून बघू का कुणाबरोबर?" मी म्हटलं, "क्रमांक अठरा झाला का?" अठरा, खांद्याची बॅग, झाला नव्हता. बिचारा ओशाळला.

स्पर्धेच्या दिवशी क्लबच्या सभागृहात तो आला तेव्हा मला खरोखर भरून आलं. त्याला सामान मांडायला बावीस मिनिटं लागली. समोर रोवीना बसली होती. ही बाई सुईण आहे, रात्रपाळी करून थेट आलेली. तिच्याकडे बापाचा दुसरा जुना कॅट होता आणि त्यावर सक्तीची म्हणून सकाळी माझ्याकडूनच घेतलेली एकेरी कव्हरं. मॅट नाही. ट्रे नाही. फासा तिने चक्क चहाच्या कपात ठेवला होता.

"काय रे क्लायवी, दुकान थाटलंयस की काय?" ती म्हणाली.

"तू तुझं बघ, रो."

रिवाजाप्रमाणे क्लाइव्हने कॅट पिसून काटायला तिच्यापुढे ठेवला. तिने नुसता हात लावला तर कॅट आपोआप मधोमध उघडला आणि वर निघाला चकचकीत देवमासा. तिने पुन्हा पिसला, पुन्हा काटला. चकचकीत झंझावात. तिसऱ्यांदा पुन्हा देवमासा.

आता यातलं शास्त्र सांगतो. चकचकीत पत्त्याच्या एका अंगाला चमचमता पातळ थर असतो. दमट हवेत कागद फुगतो, तो थर फुगत नाही, आणि पत्ता भाजायला टाकलेल्या पापडासारखा वाकतो. आमची हवा बारा महिने दमट. क्लबातल्या प्रत्येकाचे चकचकीत पत्ते वाकलेले आहेत, पण कुणी खेळतच नसल्यामुळे ते कधी उघडकीला आलं नव्हतं. आणि नियम ७(क) स्वच्छ आहे: जो पत्ता पाठीवरून ओळखू येतो, तो खुणेचा पत्ता. खुणेच्या पत्त्याला शिक्षा एकच, डाव गेला.

"असू द्या हो पंचसाहेब," रोवीना म्हणाली. "वाकलाय तर वाकलाय. खेळतो आम्ही."

"नियम म्हणजे नियम."

"अहो, हे पत्ते तुम्हीच घ्यायला लावलेत!" क्लाइव्ह ओरडला.

"घ्यायला सांगितले होते. वाकवायला नव्हते सांगितले."

सबब उपरोक्त नाव रोवीना टॅस्कर यांची झाल्याचं मी जाहीर केलं. क्लाइव्ह एकतीस वस्तू एकेक करून बॅगेत भरू लागला. मॅट नळीत जाईना. "म्हणजे आता मी मर्टलमध्ये बसायचं नाही," तो नळीलाच म्हणाला. मला फार वाईट वाटलं. (पंचाने वाईट वाटून घ्यावं अशी तरतूद नियमावलीत नाही, म्हणून मी ते शिटीबरोबर खिशात ठेवलं.)

रोवीना उठली. "पंचसाहेब, ते कपाट उघडा."

"ते प्रदर्शन आहे."

"उघडताय, की मी काच फोडू?"

मी उघडलं. तिने कॅट घेतला, भावाला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर मोटारी लावायच्या जागेत नेलं. तिथे सॉसेज भाजणं चाललं होतं. बर्फपेटीच्या झाकणावर दोघं समोरासमोर बसली. तिने आपली कव्हरंही काढून टाकली. मी वही घेऊन मागोमाग गेलो. कर्तव्य सुटत नाही.

मी जे पाहिलं ते भयंकर होतं. दोन्ही कॅटांमधला एकूण एक पत्ता खुणेचा! आणि प्रत्येक खूण दोघांनाही तोंडपाठ.

"रो, तुझ्या हातात देवमासा आहे. कोपरा आपल्या बस्टर कुत्र्यानं खाल्लाय."

"माहितीये मला. तुझ्याकडे दोन वादळं. डॅडनं त्यांच्यावर बीटरूट सांडलेलं."

"मग टाक ना देवमासा!"

"का टाकू? तू वादळ सोडायला टपलायस, लबाडा."

"घाबरलीस!"

"कोण? मी? हा घे!"

मी सेहेचाळीस नियमभंग टिपले, मग पेन संपलं. दोघांना सगळंच दिसत होतं, त्यामुळे फसवणूक नेमकी कुणाची झाली हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. दीड तासाने क्लाइव्हने शेवटचं वादळ सोडलं आणि रोवीनाचं बंदर बुडालं. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा. तो असा काही ओरडला की सॉसेजवाल्याच्या हातातला चिमटा पडला.

"घे बाबा, तुझी नाव," रोवीना म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, ती लपवतही नव्हती. मग म्हणाली, "गाडीमागचा नावेचा ट्रेलर मागे घेता येतो का तुला?"

गेल्या ईस्टरला धक्क्यावर चाळीस माणसांदेखत क्लाइव्हने ट्रेलर खांबावर घातला होता.

"रविवारी सहाला ये," तो म्हणाला. "पत्ते पण आण."

"येते. सॉसेज तू दे आता."

जाता जाता तिने क्लाइव्हच्या बॅगेतून माझी यादी काढली आणि उभ्या उभ्या वाचली, पहिल्यापासून एकतिसाव्यापर्यंत. "पंचसाहेब, छान आहे हो. पण समोर बसायला एक माणूस लागतं, ते कितव्या नंबरावर आहे?"

उपसमितीची तातडीची बैठक झाली. मी उपस्थित होतो. बाराव्या आवृत्तीत क्रमांक बत्तीस घालण्यात आला: समोरचा माणूस, नग एक. दुकानदाराने कळवलं की हा माल त्याच्याकडे येत नाही. सदस्यांच्या हरकतीही आल्या, त्यांतली मुख्य अशी की त्याला कव्हर कोणत्या मापाचं लागेल.

तुम्ही हसलात, हे माझ्या लक्षात आलंय. पण यादी मी तुमच्यापुढे ठेवली होती, काही राहिलंय का असं स्वच्छ विचारलंही होतं, आणि तुम्ही मान डोलावून पुढे गेलात. सबब आपणांस क्लबचं सदस्यत्व देण्यात येत आहे, क्रमांक बेचाळीस, तयारीत असलेल्यांच्या वर्गात. येताना फवारा आणावा.