हकीकत दिवसगाठीची

श्री. ज्याने सुईच्या नेढ्यातून पृथ्वी ओवली त्यास नमन, आणि ओवता ओवता ज्यांच्या बोटांस घट्टे पडले त्या समस्त शिवणकरणींस त्याहून अधिक नमन. राजधानीत वर्तमान जैसे वर्तले तैसे लिहिले असे.

शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सर. ते वर्षी राज्यात ऐसी रीत पडली की दरबारी मनुष्याने एक वस्त्र दुसऱ्या सप्तकी अंगास लावू नये. दर सोमवारी नवी तऱ्हा निघे, आणि मागील सोमवारची वस्त्रे नदीकाठी ढीग करून टाकीत, आणि रंगाऱ्यांच्या हौदांचे पाणी नदीत ऐसे सुटले की दरबारात सांप्रत हिरवे चालते की जांभळे, हे पाणी पिऊन आलेल्या गुरांच्या तोंडावरून कळो लागले. मग रफू करणे हे दळभद्रीपण ठरले, आणि ज्याचे अंगी ठिगळ दिसेल त्यास देवडीवरून माघारा लावीत, आणि शहरातील रफूगार कोणी गाव सोडून गेले, कोणी झुरून मेले. राहिली एक ठकूबाई. तिच्या हातचे रफू उन्हात धरले तरी दिसत नसे, आणि तेच तिचे नशीब, की तीही कोणास दिसेनाशी झाली.

तिची लेक सगुणा. डावखुरी, हाताची चपळ, जिभेची त्याहून चपळ. ती किल्ल्याखालच्या सरकारी शिवणखान्यात कामास गेली ती दोन महिने परतली नाही. ठकूबाई दर गुरुवारी भाकरी बांधून दाराशी जाई, आणि देवडीवाला भाकरी ठेवून घेई आणि म्हणे, मुली सुखरूप आहेत, काम फार, सवड झाली की येतील.

येथे शिवणकरणींची एक चाल सांगणे अवश्य. त्यांच्या आळीत दिवसाचे काम सरले म्हणजे शेवटल्या वस्त्राच्या दुमडीत, आतल्या अंगास, तांबड्या दोऱ्याची गाठ मारीत. तीस दिवसगाठ म्हणत. गाठ पडली की सुई खाली, मग खुद्द राजा दारी आला तरी उचलायची नाही. एका बाईच्या हातून दिवसास दोन अंगरखे उतरत, म्हणोन दोहोंतून एकात गाठ सापडावयाचीच. शिवणकरणी, रफूगार आणि शिवणखाना चालविणारे यांखेरीज ही गोष्ट कोणास ठाऊक नव्हती, कारण दुमड उलटून पाहतो कोण.

मग लोकांत कुजबूज उठली, आणि एक म्हातारा कोळी निळी पडलेली मेली मासळी कोतवालीच्या पायरीवर ठेवून निघून गेला. तेव्हा धोंडोपंत कारभारी म्हणाले, लोकांचे मन दुखते, तर औषध मनासच द्यावे. म्हणोन त्यांनी पुण्यवस्त्र काढिले. म्हणजे काय केले? नदी तीच, हौद तेच, शिवणखान्याचे कुलूप तेच. गळ्याशी तुळशीच्या पानाचा शिक्का मात्र नवा. आणि दवंडी पिटविली की या वस्त्रात कोणाचे अश्रू नाहीत. मंडळींस पुण्याचा ऐसा उमाळा आला की पूर्वी सप्तकास एक अंगरखा घेत, ते दोन घेऊ लागले.

दसऱ्याचे सकाळी महाराज सीमोल्लंघनास निघावे म्हणोन सिद्ध जाहले. बाहेर हत्ती झुलत होता, लोक पुण्यवस्त्र पाहावयास दाटले होते. महाराजांनी आशीर्वादास हात उचलिला, आणि अंगरखा काखेपासून कमरेपर्यंत उसवला. शिवल्यापासून सातच दिवस टिकावे ऐसी ज्याची शिवण, तो आठवे दिवशी का टिकेल? दुसरा आणावा तर जामदारखाना रिकामा, जुने ठेवणे हाच गुन्हा, आणि नवे सोमवारी येणार. मग ठकूबाईची आठवण जाहली आणि तीस पालखी धाडली.

तिने अंगरखा उलटा केला आणि तिचा हात थांबला. टाके डावीकडे कलते. सगुणेचे. दुमड चाचपली, गाठ नाही. मग ती काही न दाखविता म्हणाली, याच हाताची शिवण आहे, बाकीच्यांचेही उसवणार, काढून द्या. उघडे पडण्याचे भय मोठे. सरदार मानकरी अंगरखे उतरवून, पोटे सांभाळीत, गालिच्यावर बसले. ठकूबाईने लेकीच्या हातचे तेवीस वेचून काढिले आणि एकेक उलटले. तेविसांत एकही गाठ नव्हती.

धोंडोपंत म्हणाले, "बाई, शिवायला बोलावलंय, शोध लावायला नाही."

"शिवते की, पंत. आधी एवढं सांगा, दिवस सरल्याची गाठ या तेविसांत एकातही नाही, मग माझी लेक सुई खाली ठेवते तरी कधी?"

"गाठीत वेळ जातो म्हणून मीच बंद केली. आतलं कोण पाहतंय?"

पंतांस वाटले आपण उत्तर दिले. दरबार मात्र उतरविलेल्या अंगरख्यांवरल्या आपापल्या शिक्क्यांकडे पाहत राहिला. महाराज म्हणाले, चौकशी दसरा उलटल्यावर करू. ठकूबाईने सुई पदरास टोचली आणि म्हणाली, "मग अंगरखाही दसरा उलटल्यावर, सरकार."

पंतांनी दुसरा रफूगार शोधावयास स्वार धाडिले. सारे शहर पालथे घातले, एक सापडला नाही. त्यांनीच मोडले होते ते. बाहेर हत्ती ओरडू लागला. तेव्हा कुलूप तोडण्याचा हुकूम सुटला, आणि ठकूबाई म्हणाली, हुकूम नको, मुली इथे उभ्या करा.

एक्केचाळीस जणी आल्या, उन्हास डोळे देता येईनात. सगुणेच्या डाव्या हाताची दोन बोटे सुई धरल्यागत वाकली होती ती उघडेनात. तिने आईकडे पाहिले आणि इतकेच म्हणाली, "आये, तू एकदाही आली नाहीस."

"दर गुरुवारी येत होते गं. भाकरी घेऊन."

मुलींस घेऊन आलेला देवडीवाला खाली पाहू लागला.

मग ठकूबाईने शिवले. आयुष्यात प्रथमच दिसेल ऐसे रफू केले, काखेपासून कमरेपर्यंत, जाड तांबड्या दोऱ्याने, आणि शेवटी दिवसगाठ मारली ती बाहेरच्या अंगास. महाराज तेच लेवून हत्तीवर बसले, आणि जितके वेळा आशीर्वादास हात उचलीत तितके वेळा साऱ्या गावास ती दिसे.

तात्पर्य लिहिणे ते इतकेच. धोंडोपंतांस शासन जाहले नाही, पानांची पारख म्हणोन वनांचा कारभार मिळाला. शिक्का अद्यापि उमटतो. सगुणेची बोटे सरळ झाली नाहीत, ती उजव्या हाताने रफू शिकली. आणि त्या आळीत वस्त्र घेतेवेळी गळा कोणी पाहत नाही, दुमड उलटतात. वाचणाऱ्याने आपल्या अंगावरचीही एकवार उलटून पाहावी, आणि गाठ नसेल तर हे शिवणारी कोणाची लेक, ती घरी गेली की नाही, हे दुकानदारास मोठ्याने विचारावे.