लढवय्याचा नंबर

खंदारे भाऊ ट्रकच्या सीटचं कव्हर शिवता शिवता एकदम मशीन थांबवतात आणि समोर जो असेल त्याला विचारतात, "समजा, एक तलवारवाला हाय. एक जादूगार हाय. दोघं इथं फाट्यावर भिडले. कोण जिंकंल?"

समोर बहुतेक ड्रायव्हर असतो, घाईतला. एकजण म्हणाला होता, "ज्याच्या गाडीचे कागद क्लिअर हायेत, तो." भाऊंनी तेही उत्तर गंभीरपणे ऐकलं, थोडा विचार केला आणि मान हलवली. "न्हाई. बराबर न्हाई होत. दोघं सारखेच भरले पायजेत."

मी वारंगा फाट्यावर रस्त्याच्या कामाला आलो. पोकलेन चालवतो. गाव मालवणकडे, शाळा नववीत सुटली. इथं ओळखीचं कुणी नव्हतं. भाऊंनी दुकानावरची खोली दिली, पहिल्या दिवशी वर भाकरी आणि ठेचाही पाठवला. असा माणूस. म्हणून रविवारी दुपारी खालून "जाळून टाकीन सगळ्यांला!" असं ऐकू आलं तेव्हा मला वाटलं, झालं, घरमालकावर संकट आलं. मी हाताला लागला तो पाना घेऊन खाली धावलो.

खाली भाऊ आणि आणखी एक पोक्त माणूस चहा पीत बसले होते. मध्ये रेक्झिनचा तुकडा उलटा पसरलेला, त्यावर नकाशा, नकाशावर नटबोल्ट उभे केलेले.

"या पाव्हणे," भाऊ म्हणाले. "हत्यार घिऊनच आले! बशीरभाई, आपल्याला लढवय्या भेटला."

मी नाही म्हणू शकलो नाही. खोली त्यांची होती.

हा खेळ मला कळला असं मी आजही म्हणणार नाही. भाऊ गोष्ट सांगतात: कयाधूच्या पल्याड गुहा हाय, गुहेत राक्षस हायेत. आम्ही त्या गोष्टीतली माणसं होतो. आपण काय करणार ते बोलून सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे वीस तोंडांचा एक फासा ठरवतो. भाऊ तरुणपणी पुण्याला सीटच्या कारखान्यात होते, तिथं शेजारच्या हॉस्टेलच्या पोरांकडून ते हे शिकले. फुली मारलेला बोल्ट म्हणजे मी. बोल्टाला इजा झाली की मला का वाईट वाटायचं, तेही मला कळायचं नाही.

बशीरभाई जादूगार. ते आठवडी बाजारांत बांगड्या विकतात, बोलण्यात पटाईत. राक्षस दिसायचा अवकाश, ते मंतर टाकायचे, आग लागायची, राक्षस खलास. मग भाऊ माझ्याकडे वळायचे. "पाव्हणे, तुमी काय करून राहिले?"

काय करणार? राखेवरून चालत पुढे जायचो.

याचा भाऊंना भयंकर त्रास व्हायचा. "एकच माणूस लढून राहिला अन् दुसरा बसून राहिला. बराबर न्हाई." त्यांनी माझी तलवार दुप्पट केली. ती गुहेच्या दारातून आत जाईना. मग नियम केला की जादूगारानं दर वेळी नवीन यमक जुळवून मंतर म्हणायचा. बशीरभाई रोज बाजारात यमकं जुळवूनच बांगड्या खपवतात. त्या दिवशी त्यांनी राक्षसच काय, राक्षसाचे सोयरेसुद्धा मारले. विचारात हरवून भाऊंनी एका ड्रायव्हरची सीट उलटी शिवली. तो ओरडला तर त्यालाच म्हणाले, "तुमी सांगा, तुमी जादूगार असते तर थकले असते का न्हाई?"

त्यातून पाण्याचा नियम निघाला. मंतर टाकला की जादूगाराला धाप लागते, त्यानं एक ग्लास पाणी प्यायचं, मगच दुसरा मंतर.

हा नियम चालला! पाचव्या ग्लासानंतर बशीरभाई दुकानामागं पळायचे आणि तेवढ्यात माझा नंबर यायचा. मी दोन राक्षस मारले. भाऊ लेकराचं लग्न जमल्यासारखे खूश.

आणि मग रमजान लागला.

पहिल्याच रविवारी बशीरभाईंनी मंतर टाकला. भाऊंनी नकाशावरून नजर न काढता ग्लास पुढे केला.

"भाऊ, रोजा हाय," बशीरभाई म्हणाले.

"पाणी न्हाई तर मंतर न्हाई. नियम म्हंजे नियम. चला पाव्हणे, तुमचा नंबर."

बशीरभाई हळूच उठले, टोपी सारखी केली आणि गेले. मी फासा हातात धरून बसलो. टाकायचा की नाही, कळेना.

"काहून गेले?" भाऊंनी विचारलं. मी सांगितलं. भाऊंचा चेहरा उतरला. "म्या असं बोललो?" बशीरभाई रोजा म्हणाले, ते त्यांना खरोखर ऐकूच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बशीरभाई आले नाहीत. भाऊ नकाशा पसरून बसले आणि संध्याकाळी तसाच गुंडाळला. फोन करा म्हटलं तर म्हणाले, "कोणत्या तोंडानं?" माझा नंबर यावा म्हणून एवढं सगळं झालं होतं. मी सुट्टी टाकून जवळा बाजारला गेलो.

बशीरभाई बांगड्यांच्या गाड्यापाशी होते. मला बघून म्हणाले, "कोकणी, त्यानं धाडलं काय?"

"नाही. मीच."

"मला पाण्याचा राग न्हाई रे. मी सांगून राहिलो अन् त्यानं ऐकलंच न्हाई, त्याचा हाय. अन् हे त्याचं जुनंच हाय." त्यांनी एका बाईला बांगड्या भरल्या, मग पुन्हा बोलले. "त्याचं पोरगं व्हतं खेळायला, संतोष. पोरगं लढवय्या, बाप जादूगार. पोरगं तोंड उघडंस्तोवर बाप समदे राक्षस मारून मोकळा. घरातबी तेच. शाळा बापानं ठरवली, धंदा बापानं ठरवला. एक दिवस पोरगं उठलं अन् सुरतला गेलं. तवापासून ह्यानं जादूगार व्हायचं सोडलं. नुसतं बराबर, बराबर."

मी एकदम बोलून गेलो, "तुमच्या वाटचं पाणी मी पितो. तुम्ही मंतर टाका. माझा बोल्ट तुमच्या बोल्टाजवळ उभा असला तरच तो लागेल, असं करू."

बशीरभाई इतके हसले की गाड्यावरच्या बांगड्या वाजल्या.

रविवारी ते आले. भाऊ घाईघाईनं उभे राहिले. "बशीरभाई, तुमाला तकलीफ झाली, म्या आता असा नियम..."

"तू बस," बशीरभाई म्हणाले. "आधी कोकणी बोलंल."

मी बोललो, अडखळत, निम्मं मालवणीत. भाऊंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हंजे एकमेकांबिगर दोघंबी बेकार." आणि माझा बोल्ट उचलून त्यांनी जादूगाराच्या बोल्टाला चिकटवून ठेवला. जादूगार मोठा की लढवय्या, हे मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी भाऊंनीही विचारलं नाही.

खेळ सुरू झाला. बशीरभाई आधी मला विचारायचे, "कोकणी, टाकू काय?" आणि मी हो म्हटलं की मंतर. मी इतकं पाणी प्यालो की शेवटी मलाच दुकानामागं पळावं लागलं.

परत येताना भाऊ मागच्या दारात दिसले. रेक्झिनच्या गुंडाळ्यांना टेकून उभे, फोन कानाला.

"संतोष... व्हय, मीच. न्हाई, काई काम न्हाई." मग म्हणाले, "मी काई सांगत न्हाई. तू बोल."

आतून बशीरभाईंनी हाक मारली, राक्षस वाट बघून राहिला म्हणून. भाऊंनी हातानंच थांबा म्हटलं. पलीकडून काय येत होतं ते मला ऐकू आलं नाही. मधूनमधून भाऊंचं तोंड उघडायचं, काहीतरी अगदी ओठावर यायचं, आणि ते पुन्हा मिटून घ्यायचे.