पायलीची डिस्क, मापट्याची लाइन

हिशेब चुकणं ही दुसऱ्या माणसांची सवय असते, असं मी दोन हजार पाच सालच्या मे महिन्यापर्यंत मानत होतो! शहापूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. निवृत्तीनंतर शेखरच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसू लागलो. तिथे मुलं असायची, आणि मुलं दिसली की माझा हात आपोआप खडू शोधतो.

एका सकाळी मुरबाडहून कुणालीचा फोन आला. शेखर आणि कुणाली दोघंही माझेच विद्यार्थी. तिचाही कॉम्प्युटर क्लास, मुरबाडच्या बाजारात, आणि त्या दिवशी समोरच्याच मैदानात समीक्षा नावाच्या मुलीच्या लग्नाचा मांडव. समीक्षाची आजी धोंडीबाई म्हणजे आमच्या भागातली नावाजलेली धवळेरीण. तिने धवळे, म्हणजे देवांना बोलावणारी लग्नगीतं, गायले की देव मांडवात येतात. मगच पुढचं लग्न.

"गुरुजी, घोटाळा झाला! धोंडीआजीचा गळा बसलाय!"

"कशाने गं?"

"काल हळदीला बर्फाचे गोळे खाल्ले. एकावर एक! आता तोंड उघडलं तर नुसती हवा येते. नि समीक्षा अडून बसलीय. म्हणते, आजीचे धवळे नाय तर लगीन नाय!"

मी हसलो. गेल्याच वर्षी मी धोंडीबाईला शेखरच्या क्लासात आणून, मुलांना समोर बसवून, तिचे धवळे कॉम्प्युटरमध्ये भरून घेतले होते. फाइल चांगली बाराशे मेगाबाइटची! म्हणजे पोतंभर धवळे!

"गुरुजी, दोन सीड्या भरतो नि बाइकवर टाकून नेतो," शेखर म्हणाला. "दीड तासात मुरबाड."

"दीड तास? अरे, दोन्ही क्लासांना नवी फायबरची लाइन घेतलीत ती तोरण म्हणून का? काचेच्या तारेतून उजेड धावतो, उजेड! त्याच्यापुढे तुझी बाइक म्हणजे चिखलातली म्हैस!"

मी फळ्याकडे वळलो. शेखरचा कॉम्प्युटर भंगारबाजारातून आणलेला. त्यात स्कझी नावाच्या जुन्या जोडणीची डिस्क होती, चार बोटं रुंद चपटी वायर लावलेली. तिचा वेग सेकंदाला पाच मेगा. लाइनचा वेग दोन मेगा. दोन्हींत मंद ती लाइन, म्हणून भागायचं दोनाने. बाराशे भागिले दोन, सहाशे सेकंद.

"कुणाली, दहा मिनिटं! नवरानवरीला पाटावर बसव!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं. त्यांच्याकडे रीत अशी की धवळ्यांसाठी नवरानवरी पाटावर बसली की धवळे संपेपर्यंत उठायचं नाही. मधे उठणं म्हणजे आलेल्या देवांना दारातून परत पाठवणं! माझ्या शब्दावर दोघं बसली. वाजंत्री थांबले. आचाऱ्याने भात चढवला.

दहा मिनिटांनी पडद्यावरची निळी पट्टी जेमतेम आठवा भाग सरकली होती.

"शेखर, लाइन बिघडली!"

"लाइन ठणठणीत आहे, गुरुजी. तुमी कशाने भागलंत?"

"पाच मेगा, दोन मेगा..."

"पाच मेगा काय नि दोन मेगा काय? डिस्कवाले बाइट मोजतात, लाइनवाले बिट! आठ बिटांचा एक बाइट. मला वाटलं, तुमी आठाने गुणलंच असेल. गुरुजी आहात!"

मी खुर्चीत बसलो. दहाचे ऐंशी झाले होते! आणि आता बाइक काढली तरी ती फाइलच्या मागूनच पोचणार होती.

"धवळे अर्धेमुर्धे तरी वाजव," मी कुणालीला म्हणालो.

"फाइल पूर्ण आल्याशिवाय उघडत नाय, गुरुजी! इकडे नवरा पाटावर डुलक्या घेतोय, नि समीक्षा कोपराने ढोसतेय त्याला! आजी विचारते, किती वेळ?"

"तिला विचार, पायलीत मापटी किती?"

पलीकडे कुजबुज झाली.

"आठ म्हणते. नि म्हणते, आता हे कशाला?"

"सांग तिला, मी भात पायलीने मोजला, पण वाट निघाली मापट्याची."

पुन्हा कुजबुज. मग खूप जणांचं हसणं.

"आजी म्हणते, मंग तोंड पायलीचा कशाला उघडलात?"

ऐंशी मिनिटं मी त्या पट्टीकडे पाहत होतो. मांडवातल्या बातम्या येत होत्या. भाताची खीर झाली. नवऱ्याच्या पायाला मुंग्या आल्या. वरमाय म्हणाली, "उठ रे, जाऊ घरी!" समीक्षाने त्याचं उपरणं धरून ठेवलं. माझ्या एका भागाकारावर पोरीचा संसार टांगलेला!

शेवटी फाइल पोचली. फोनमधून धोंडीबाईचा खणखणीत आवाज ऐकू आला आणि मी डोळे मिटले. गणपती आला, गावदेवी आली, नवरी उजळली. पाव तासात धवळे संपले. अक्षता पडल्या. टाळ्या!

"पाव तासात कसे संपले?" शेखर डोकं खाजवत म्हणाला. "बाराशे मेगाबाइट म्हणजे दोन तासांचं रेकॉर्डिंग!"

मला गेल्या वर्षीचा रेकॉर्डिंगचा दिवस आठवला. त्या दिवशी गाणं झाल्यावर धोंडीबाई घरी गेली होती. मुलं मात्र समोर बसून होती. आणि माइक बंद करायला मी विसरलो होतो.

म्हणजे धवळे पहिल्या दहा मिनिटांतच मुरबाडला पोचले होते. नंतर सगळं लग्न पाटावर खोळंबलं ते माझ्या गणिताच्या तासासाठी!

"कुणाली, बंद कर! स्पीकर बंद कर!" मी ओरडलो. पण कुणाली रिसीव्हर टेबलावर ठेवून अक्षता टाकायला गेली होती. मांडवाच्या कर्ण्यातून माझाच आवाज येत होता, शांत, समजावणीचा:

"...तर मुलांनो, एकक न बघता जो गणित करतो, त्याला काय म्हणायचं?"

आणि माझ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, "गाढव!"

"ऐकू आलं नाही. मोठ्याने!"

दुसऱ्या वेळी वर्गाबरोबर मांडवही ओरडला. त्यात एक बसलेला घोगरा आवाज मी फोनवरही ओळखला.