हसनचाचांचे मुक्काम

हसनचाचा पिंजारी ‘कसे आहात?’ असं कधी विचारत नसत. ‘कोन्त्या मुक्कामावर?’ असं विचारत. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी लग्न होऊन हिंगणघाटला नवीनच आले होते. मला विचारलं तेव्हा मी आपलं भाबडेपणानं सांगितलं, “पुलगावची मी.”

मग कळलं. देवाकडे जाणाऱ्या वाटेवर म्हणे चार मुक्काम. शरीयत म्हणजे नेमधर्म, तरीकत म्हणजे गुरूनं दाखवलेली वाट, मग हकीकत, म्हणजे सत्य, आणि शेवटी मारिफत, देवाची खरी ओळख. चाचांनी अख्खी गल्ली या मुक्कामांवर वाटून टाकली होती. आमचे हे दुसऱ्यावर. का, तर गिरणीतून आले की कोणाशी बोलत नाहीत! आणि मी पहिल्यावर, भाजीवालीशी भांडते म्हणून. मला हे आजतागायत पटलेलं नाही.

स्वतः चाचा तिसऱ्यावर. “चवथ्यावर जाचं तं सारं सोडा लागते, वैनी.” त्यांनी तंबाखू सोडली, म्हणजे विकत घेणं सोडलं, ह्यांच्या डबीतली चालायची. बकरी शेजारच्या गणपतला देऊन टाकली, आणि तिला चारा मिळाला का ते बघायला रोज त्याच्या दारात हजर.

“अहो चाचा, सोडली ना तिला?”

“म्या सोडली. तिनं मले सोडलं का?”

राहिली एक गादी. थंडीआधी साऱ्या गावाच्या गाद्या उसवून, कापूस पिंजून फुगवून देणारा हा माणूस. घरातली गादी मात्र त्यांची बायको बानूचाची वारल्यापासून तशीच, गोळे झालेली. त्यांच्या गुरूनं बजावलं होतं, ती पिंजून कोणाला तरी देऊन टाक, मगच चौथा मुक्काम. चाचांनी तर जन्मभर त्याचीच आस धरलेली.

एका सकाळी म्हणाले, “आज पिंजतो, वैनी. उद्या गुरूकडे.”

दुपार झाली तरी पिंजणाचा आवाज येईना, म्हणून मी डोकावले. चाचा उसवलेली शिवण परत शिवत बसले होते.

“काऊन, चाचा?”

त्यांनी गादीतल्या खळग्यावर हात ठेवला. “इथं बानू निजे. पिंजली का सपाट होते.”

“आणि चौथा मुक्काम?”

“तिले एकटीले लय भेव लागे. तिले इथं सोडून म्या पुढं कसा जाऊ?”

मी खाली बसले आणि दुसऱ्या टोकानं खोळ ताणून धरली. चाचांनी सुईत दोरा ओवला.

“वैनी, पह्यल्या मुक्कामावर जागा हाये का एखादी?”