निळी सायकल आणि एक पायली तांदूळ

सन सत्त्याऐंशीच्या मंडईनंतर, म्हणजे दिवाळीमागच्या जत्रेनंतर, चांदा जिल्ह्यातलं पोर न् पोर आपलंच गाणं गुणगुणणार, याबद्दल हरिदासच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका फक्त बाकीच्यांना होती, आणि बाकीचे म्हणजे अख्खं सावली गाव.

हरिदास पाटबंधारे खात्यात कारकून. दिवसभर कालव्यांचे नकाशे गुंडाळायचे आणि पाच वाजले की गिटार उघडायची. तशी गिटार गावात एकच. ती घेऊन बसमध्ये चढला की कंडक्टर तिचं अर्धं तिकीट मागायचा. त्याच्या जोडीला तिघं होते. बसस्टँडसमोर रेडिओ-टेप दुरुस्त करणारा कय्यूम ऑर्गन वाजवी. त्याची बहीण नजमा गाई, आणि तिचा दम असा की तिनं एकदा सूर धरला तर माणसानं मधे चहा पिऊन यावं. ड्रमवर खुशाल. त्याचा एक ड्रम खरा होता, बाकीचे त्याच्या आईच्या स्वयंपाकघरातून गेलेले. पार्टीचं नाव 'मॉडर्न मेलडी'. सिनेमाची गाणी वाजवायची नाहीत, वरातीत जायचं नाही. आपणच लिहायचं, आपणच चाल लावायची आणि आपणच कॅसेट काढायची. चार गाण्यांची.

"चारच?" राइस मिलवाले मुखरूभाऊ म्हणाले. "मंग उरलेल्या फितीत का हवा भरता?"

"छोटी कॅसेट हाय, भाऊ. शहरात अशीच काढतेत."

"शहरात पोळी पन छोटीच करतेत."

खरी अडचण मात्र खुशालची होती. पूर्वी तो नाटकांत ढोलकी वाजवायचा, आणि आता एका नाटक कंपनीनं त्याला अख्ख्या हंगामासाठी बोलावलं होतं. खुशालनं सरळच सांगितलं, "हरिदास, मंडईत शंभर कॅसेटी गेल्या तर मी राह्यतो. नाई गेल्या तर कंपनीची जीप मले मंडईतूनच उचलून नेते." ड्रमवाला गेला की मागे उरणार तिघं आणि ठेक्याला बडवायला एक टेबल, हे हरिदासला कळत होतं.

रेकॉर्डिंग कय्यूमच्या दुकानात करावं, तर गडचिरोलीची बस दर गाण्यात दोनदा हॉर्न मारून जायची. मग कय्यूमलाच मुखरूभाऊंचं गोदाम सुचलं. चारी बाजूंनी छतापर्यंत धानाची पोती. "मुंबईवाले भिंतीले कापूस लावतेत," तो म्हणाला, "आपल्याकडे धान हाय. पोतं आवाज पिऊन टाकते." चांगली टेपही एकच होती, कय्यूमच्या मामानं कुवेतहून आणलेली. ती दोनदा पुसून झाली होती. तिसऱ्यांदा पुसली असती तर गाणं घोंगडीतून आल्यासारखं आलं असतं. शिवाय हलका, म्हणजे लवकर पिकणारा धान निघाला होता, सोमवारपासून मिल सुरू होणार होती. म्हणजे रविवारची दुपार, एक टेप, एक दम.

मुखरूभाऊंची अट एकच. "मी तिथीच बसीन. माह्या गोदामात का होऊन राह्यलं ते मले दिसलं पाह्यजे."

रविवारी नेमका आठवडी बाजार. 'मिलमध्ये प्रोग्राम हाय' ही बातमी भाजीवाल्यांच्या रांगेत पसरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पन्नास माणसं पिशव्या-टोपल्यांसह पोत्यांवर चढून बसली. हरिदासनं हात जोडले.

"जयभीम, रामराम, सलाम. भाऊहो, बायाहो, टेप चालू झाली का टाळी नाई, बोलनं नाई, खोकला नाई."

लोकांनी माना डोलावल्या, आणि शब्द पाळला. व्याहाडच्या लहानूभाऊंना शिंक आली, ती त्यांनी गिळली. ती पुढं आठ दिवसांनी एका लग्नाच्या बैठकीत निघाली म्हणतात.

पहिलं गाणं 'निळी सायकल'. नजमानं पहिलं कडवं असं काही म्हटलं की वरच्या पोत्यातला उंदीरही कुरतडायचा थांबला. हरिदासला वाटलं, जिंकलो.

पण आपल्या झाडीपट्टीत एक रीत आहे. नाटकात गाणं रंगलं की कुणीतरी भेट पाठवतो, माइकवाला गाणं थांबवून त्याचं नाव घेतो, कलाकार हात जोडतो आणि गाणं पुढं जातं. ज्या गाण्याला भेट नाही ते गाणं म्हणजे पाहुणे उपाशी उठलेली पंगत. मुखरूभाऊ वीस वर्षं गावच्या नाटकाचा माइक सांभाळत होते. आपल्या छपराखाली चार कलावंत घाम गाळतायत आणि एकाचंही नाव पुकारलं जात नाही, हे त्यांना बघवेना. बेइज्जती कलाकाराची नव्हे, मिलची होती. ते उठले, लहानूभाऊंच्या कानाशी लागले आणि दुसऱ्या कडव्यात, 'ओल्या वाटेवर घंटी वाजली गं' या ओळीला, माइकसमोर येऊन उभे राहिले.

"थांबा. मौजे व्याहाडचे प्रतिष्ठित शेतकरी लहानूभाऊ यांच्याकडून कलाकारांना एक पायली तांदूळ सस्नेह भेट. मंडळ त्यांचे आभारी आहे. चालू द्या."

हरिदासला ओरडावंसं वाटलं. पण ओरडावं तर टेप वाया, आणि वडीलधाऱ्या माणसानं तांदूळ दिला असताना ओरडणार कसं? हात आपोआप जोडले गेले. हात जोडायचे तर गिटार सोडावी लागते. गिटार बंद पडली. नजमा हुशार पोरगी, तिनं शेवटचा 'गं' तसाच धरून ठेवला. त्या 'गं'त एखादा शेजारच्या मूल गावाला जाऊन वांगी घेऊन आला असता.

एकाचं नाव माइकवर आलं म्हटल्यावर बाकीचे का मागे राहतील? बाजाराच्या पिशव्या भरलेल्याच होत्या. एक सूप आलं. एक लाल भोपळा आला. मिरच्या आल्या. दुसऱ्या गाण्यात नऊ नावं झाली. तिसऱ्यात हरिदासचे हात गिटारीपेक्षा हवेतच जास्त वेळ होते. चौथ्या गाण्याला पाथरीच्या इतवारीनं कोंबडा दिला. मुखरूभाऊ "मौजे पाथरीचे श्री..." म्हणाले आणि इतवारीच्या नावाच्या नेमक्या जागी कोंबडा आरवला.

टेप संपली. आता टाळ्या वाजल्या.

"झकास रंगलं," मुखरूभाऊ म्हणाले. "मी नसतो तं पार मुकं गेलं असतं बाप्पा."

सोमवारी कय्यूमनं टेपची एक नक्कल केली आणि नकलेवर ब्लेड चालवलं. मुखरूभाऊ कापून काढले, मग भोपळा काढला, मग कोंबडा काढला. चार गाण्यांची मिळून जी फीत उरली ती काडेपेटीत मावली असती.

"काय करायचं?" हरिदासनं विचारलं.

"मूळ टेपच उतरवतो, भाई. दुसरी कुठी हाय आपल्याकडे?"

दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून कय्यूमनं तीन आठवड्यांत शंभर कॅसेटी भरल्या. नजमानं प्रत्येकीवर निळ्या शाईनं सायकल काढली. हरिदास त्यांच्याकडे पाहायचासुद्धा नाही.

मंडईच्या दिवशी त्यांचं दुकान बांगड्यावाल्याशेजारी लागलं. पाळण्यापाशी कंपनीची जीप उभी होती, आणि खुशालच्या पायाशी कपड्यांची पिशवी. कय्यूमनं भोंग्यावर कॅसेट लावली. नजमाचं पहिलं कडवं अख्ख्या मंडईवर पसरलं. एक मान वळली नाही. एकानं येऊन फुगेवाला कुठं बसला ते विचारलं. खुशालनं पिशवीचा बंद हाताला गुंडाळला. हरिदास त्याच बंदाकडे बघत राहिला.

आणि भोंगा गरजला, "मौजे व्याहाडचे प्रतिष्ठित शेतकरी लहानूभाऊ..."

जिलेबी खात असलेले लहानूभाऊ जागच्या जागी थिजले. त्यांच्या बायकोनं पदर सावरला, जणू फोटोच काढतायत. मग दोघं गर्दी कापत दुकानावर आले.

"हे नाव आतमधी पक्कं हाय? उद्या बी निंगल?"

"जवा लावाल तवा निंगल, काका," नजमा म्हणाली.

"मंग दोन दे. एक आमाले, एक लेकीच्या सासरी, याह्याकडे. याही लय प्रतिष्ठित समजते सोताले."

त्यानंतर जे झालं ते मी सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही, म्हणून थोडं कमी करूनच सांगतो. पाळणा रिकामा फिरू लागला. भोपळेवाला आला, सूपवाला आला, मिरचीवाली दोन लेकींना घेऊन आली. नाव नव्हतं ते भांडायला आले. इतवारी तर तावातावानं आला. "माहा कोंबडा आयकू येते अन् मी नाई?"

"भाऊ, कोंबडा कोनाचा ते पाथरीत कोनाले माहीत नाई?" कय्यूम म्हणाला.

इतवारीनं विचार केला आणि तीन घेतल्या.

शंभरावी कॅसेट जीपच्या ड्रायव्हरनं नेली. कॅसेटमधला भोपळा त्याच्या सासऱ्याचा निघाला. "चालतं ना जीपमधी?" त्यानं खुशालला विचारलं. खुशालनं पिशवी उचलून आपल्या ड्रममध्ये कोंबली आणि म्हणाला, "कंपनीले सांगा, मी कामात हाय."

हरिदास मात्र तोंड पाडून बसला. "गानं कोनी घेतलं? नावं घेतली सगळ्यायनं."

"घेऊ दे ना भाई," नजमा म्हणाली. "त्या नावापर्यंत जायले रस्ता गान्यातूनच हाय ना?"

जानेवारीत चांद्याला कर्मचाऱ्यांच्या संमेलनात बोलावणं आलं. मोठा हॉल, नवा माइक, दोनशे माणसं. हरिदासनं सर्वांना बजावलं होतं, आज शुद्ध गाणं. मुखरूभाऊंना तर बसचा टाइमच सांगितला नव्हता. 'निळी सायकल' सुरू झालं. लोक डोलत होते, ओठ हलत होते. हरिदासच्या अंगावर काटा आला. यांना गाणं पाठ होतं! नकलेची नक्कल होत कॅसेट इथवर पोचली होती. 'घंटी वाजली गं' ही ओळ आली, नजमा न थांबता पुढं गेली, आणि हॉलमधली डोलणारी डोकी एकदम थांबली. गाणं संपलं. टाळी नाही.

पुढच्या रांगेतल्या मीराबाई नर्स उठल्या. "आवाज गोड हाय, बाई. पन मधातलं लहानूभाऊचं कडवं काऊन खाल्लं?"

"होना," मागून कुणी म्हणालं. "अर्धं गानं आयकाले आलो का आमी?"

हरिदासनं कय्यूमकडे पाहिलं, कय्यूमनं ऑर्गनकडे. मग हरिदासनं पुन्हा सुरुवात केली. 'घंटी वाजली गं' आलं तसे त्यानं गिटार सोडून हात जोडले, नजमानं 'गं' धरला, आणि दोनशे माणसांनी एका सुरात, एका तालात, एक पायली तांदूळ सस्नेह भेट दिला. खुशालनं त्यावर असा काही ठेका धरला की खिडक्या वाजल्या. त्या दोनशेंत लहानूभाऊंना ओळखणारा एकही नव्हता.

परत आल्यावर हरिदासनं कॅसेटचं नवीन कव्हर छापून घेतलं. त्यावर सरळ लिहिलं, 'गीत: हरिदास आणि मुखरूभाऊ राइस मिलवाले'. पहिली प्रत तो स्वतः मिलमध्ये घेऊन गेला. मुखरूभाऊंनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि कव्हर परत केलं.

"माहं नाव मागून काऊन?"